खांब किती आणि गाळे किती?

हा लेख पुढे वाचण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मनातल्या मनात द्या. कागद-पेन्सिल घेऊ नका. विहिरीपासून गोठ्यापर्यंत १०० फूट लांबीचे सरळ कुंपण घालायचे आहे. दर १० फुटांवर एक खांब पुरायचा आहे. तर खांब किती आणावे लागतील?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात '१०' हा आकडा आला असेल. वाईट वाटून घेऊ नका. मी सातवीत असताना हेच उत्तर दिले होते, आणि वाळवे तालुक्यातल्या माझ्या मामांनी भाच्याच्या गणितावर विश्वास ठेवून बैलगाडीतून मोजून १० खांब आणले होते. दिवसभर खड्डे खणून, खांब उभे करीत आम्ही गोठ्यापाशी पोचलो तेव्हा शेवटचा खड्डा रिकामाच राहिला. मामा हसून म्हणाले, "आरं, खांब कशाला मोजतोस? आधी गाळं मोज." त्या खड्ड्यात बाभळीची एक वाकडी मेढ पुरली गेली. पुढे कित्येक वर्षे ती मला वाकुल्या दाखवीत तिथे उभी होती.

दोन खांबांमधल्या मोकळ्या जागेला गाळा म्हणतात. १०० फुटांत १० फुटांचे १० गाळे होतात हे खरे, पण पहिल्या गाळ्याच्या आधी एक खांब लागतो आणि शेवटच्या गाळ्यानंतरही एक लागतो. म्हणून खांब ११. आपल्या हाताकडे पाहा. बोटे पाच, पण बोटांमधल्या फटी चारच!

आता वर्गातल्या दहा जणांना हात धरून एका रांगेत उभे करा. हातांच्या जोड्या मोजा. त्या नऊ भरतील. मग पहिल्या आणि शेवटच्या मुलाला एकमेकांचे हात धरायला सांगून फेर करा. जोड्या दहा झाल्या! मुले तितकीच, जोड्या मात्र एकाने वाढल्या. म्हणजे सरळ कुंपणात खांब गाळ्यांपेक्षा एकाने जास्त असतात, आणि शेताला पूर्ण वेढा घालणाऱ्या कुंपणात खांब आणि गाळे सारखेच असतात.

आपल्याकडे जुनी घरे बांधणारे लोक हे जाणून होते. घर 'पाच खणांचे' असे ते सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तुळया मोजण्याऐवजी खण मोजले की चूक होत नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेलेल्या व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानेही याबद्दल सावध केले आहे. देवळाची लांबी रुंदीच्या दुप्पट हवी असेल तर गाळे दुप्पट करा, खांब दुप्पट करू नका, असे त्याचे सांगणे. समोर सहा खांब असतील तर गाळे पाच. बाजूला दहा गाळे हवेत, म्हणजे ११ खांब. तिथे १२ खांब लावले तर एक गाळा जास्त होतो. आज संगणकासाठी कार्यक्रम लिहिणारे लोक अशा एकाच्या चुकीला 'कुंपणाच्या खांबाची चूक' असेच म्हणतात. तेव्हा मामांच्या मळ्यातली माझी चूक मोठ्या मोठ्यांच्या पंगतीला बसणारी आहे!

साखळी, गुंठा आणि शेताचा आकार

कुंपणाचा खर्च शेताच्या क्षेत्रफळावर ठरतो असे पुष्कळांना वाटते. "एकराला किती खर्च येईल?" असा प्रश्न आपण नेहमी ऐकतो. पण तार लागते ती परिमितीला. त्यामुळे नुसता एकर सांगून या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत (१९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता) शेतकरी अजूनही जमीन गुंठ्यांत सांगतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. त्याचे १,०८९ चौरस फूट होतात, आणि अशा ४० गुंठ्यांचा एकर. हा ३३ आकडा कुठून आला? इंग्रज गणिती एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास जमीन मोजण्यासाठी ६६ फुटांची साखळी प्रचारात आणली. आपल्याकडची मोजणीची साखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची होती. (गंटर आणि गुंठा ही नावे सारखी वाटली तरी एकातून दुसरे निघाले असे घाईने मानू नका. शब्दांच्या बाबतीत असे योगायोग पुष्कळ असतात.)

आता एक एकर जमीन निरनिराळ्या आकारांत मांडून पाहू या. चौरस केला तर प्रत्येक बाजू सुमारे २०८.७ फूट आणि परिमिती ८३५ फूट येते. १३२ फूट रुंद आणि ३३० फूट लांब असा आयत घेतला तर परिमिती ९२४ फूट. ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब घेतला तर १,४५२ फूट. आणि जेमतेम एका साखळीची, म्हणजे ३३ फूट रुंदीची आणि १,३२० फूट लांबीची पट्टी असेल तर परिमिती २,७०६ फूट होते! दर १० फुटांना खांब धरला तर चौरसाला ८४ खांब पुरतात आणि पट्टीला २७२ लागतात. जमीन तीच एक एकर, पिकणारे जोंधळेही तेवढेच.

भावाभावांत वाटणी होताना प्रत्येकाला रस्ता हवा, विहिरीचे पाणी हवे, म्हणून जमीन उभी चिरली जाते आणि अशा चिंचोळ्या पट्ट्या तयार होतात. मुंबई राज्यात १९४७ साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. त्यामागची कारणे शेतीची होती. पण एकत्रीकरणात बांधाखाली जाणारी जमीन आणि कुंपणाची लांबीही कमी होते, हे आता तुम्ही स्वतः आकडे मांडून दाखवू शकता.

डोंगरउतारावर आणखी एक फसगत होते. मोजणीच्या नकाशात अंतर आडवे, म्हणजे क्षितिजाला समांतर असते. तार मात्र उतारावरून जाते. पाच फुटांना एक फूट चढ असेल तर पायथागोरसच्या प्रमेयाने तार दोन टक्के जास्त लागते. एवढे चालून जाईल. पण पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या ३० अंशांच्या उतारावर ती १५ टक्क्यांनी वाढते. तिथे नकाशावर विसंबू नये, टेप जमिनीवर धरावी. आणि हो, टेप धरण्याआधी हद्द नक्की करून घ्यावी. बांधावरून झालेली भांडणे खांबांच्या हिशेबापेक्षा फार महाग पडतात. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडून 'हद्द कायम' मोजणी करून घेता येते.

खांब किती अंतरावर?

काटेरी तारेच्या कुंपणात दोन खांबांमधले अंतर साधारणपणे अडीच ते तीन मीटर ठेवतात. ते पाच किंवा सहा मीटर का ठेवू नये? खांब निम्मे लागतील, खर्च वाचेल! याचे उत्तर एका प्रयोगाने मिळते.

दोन जड खुर्च्या एक मीटर अंतरावर ठेवा. सुतळीचे एक टोक एका खुर्चीला बांधा. दुसरे टोक दुसऱ्या खुर्चीच्या गुळगुळीत दांडीवरून खाली सोडून त्याला २ किलोचा दगड टांगा. सुतळी ताठ होईल. आता तिच्या मध्यावर २०० ग्रॅमचे वजन अडकवा. मध्य सुमारे अडीच सेंटिमीटर खाली येईल. मग खुर्च्या दोन मीटर लांब नेऊन तेच करा. आता मध्य सुमारे ५ सेंटिमीटर खाली येईल. ताण तोच, वजन तेच, तरी अंतर दुप्पट केल्याबरोबर झोक दुप्पट झाला. सूत्र सोपे आहे. वजनाला अंतराने गुणा आणि ताणाच्या चौपटीने भागा.

कुंपणाला म्हैस अंग घासते किंवा शेळी तोंड घालते तेव्हा हेच घडते, फक्त आडव्या दिशेने. तारेत १०० किलोचा ताण आहे आणि म्हैस २० किलोच्या जोराने रेटते असे समजा. तीन मीटरच्या गाळ्यात तार १५ सेंटिमीटर सरकेल, सहा मीटरच्या गाळ्यात ३० सेंटिमीटर. खऱ्या कुंपणात रेटा बसला की ताणही थोडा वाढतो, म्हणून आकडे अगदी जुळणार नाहीत. पण ३० सेंटिमीटरची फट दिसली की शेळी काय करील हे तुम्हाला सांगायला नको.

आता प्रत्येक तारेत १०० किलो ताण आणि अशा पाच तारा असतील तर एकूण ओढ ५०० किलोंची झाली. ती कोण पेलतो? मधला खांब नव्हे. त्याला डावीकडून ५०० आणि उजवीकडूनही ५०० अशी ओढ असते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. तो फक्त तारा जागच्या जागी धरून उभा असतो. खरा भार कोपऱ्यातल्या खांबावर येतो. तिथे दोन ओढी काटकोनात असतात आणि त्यांची बेरीज सुमारे ७०० किलो होऊन खांबाला शेताच्या आतल्या बाजूला ओढते. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही तारांच्या दिशांनी एकेक तिरका टेकू देतात. मी पाहिलेली बहुतेक पडकी कुंपणे मध्ये नव्हे, कोपऱ्यात पडलेली आहेत. एक कोपरा कलला की ताण जातो, आणि ताण गेला की सगळे कुंपण शेवग्याच्या शेंगांसारखे लोंबू लागते.

तासगावच्या बाजूला गेलात तर द्राक्षबागा नीट पाहून या. तिथेही खांब, तारा आणि गाळे आहेत. ओळीच्या टोकाचे खांब बाहेरच्या बाजूला झुकवून त्यांना तारेने जमिनीत ताण दिलेला दिसेल. कुंपणाचा टेकू खांबाला आतून रेटतो, बागेचा ताण बाहेरून ओढतो. काम एकच. फळ भरलेल्या दिवसांत वादळवाऱ्याने टोकाचा एक खांब उखडला तर सारी ओळ खाली येते आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. तेव्हा टोकाच्या खांबावर चार पैसे जास्त खर्च करण्यात कंजुषी करू नये.

जमीन कोणती आहे हेही पाहावे लागते. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. नुसता पुरलेला खांब या फुगण्या-आकसण्यात वर्षा-दोन वर्षांत हलू लागतो. माण-खटावच्या मुरमाड जमिनीत खड्डा खणताना पहारीने घाम काढला तरी खांब घट्ट बसतो.

अर्ध्या एकराचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेब करू या. शाळेची ५० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद अशी जागा आहे असे समजा. २,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ २० गुंठे. ४० मीटरच्या पुढच्या बाजूला मध्यभागी ४ मीटरचे फाटक ठेवायचे आहे. गाळा तीन मीटरपेक्षा मोठा नको.

घाईचा माणूस परिमिती १८० मीटर काढील, तिला तीनने भागील आणि ६० खांब सांगून मोकळा होईल. आपण एकेक बाजू घेऊ. ५० ला ३ ने भागले तर १६ पूर्णांक दोन तृतीयांश येतात. अपुरा गाळा चालत नाही, म्हणून १७ गाळे करायचे. प्रत्येक गाळा २ मीटर ९४ सेंटिमीटरचा होईल. समोरच्या बाजूलाही १७. मागच्या ४० मीटरच्या बाजूला १४ गाळे, प्रत्येकी २ मीटर ८६ सेंटिमीटर. पुढच्या बाजूला फाटक सोडून ३६ मीटर उरतात. फाटकाच्या दोन्ही अंगांना १८-१८ मीटर, म्हणजे सहा-सहा गाळे. फाटक हाही एक गाळाच. सगळे मिळून १७ + १७ + १४ + १२ + १ = ६१ गाळे. कुंपण बंद वेढ्याचे आहे, म्हणून खांबही ६१.

टेकू विसरू नका. चार कोपऱ्यांना दोन-दोन, म्हणजे आठ. फाटकाच्या दोन खांबांना एकेक, म्हणजे दोन. लांब बाजूंच्या मध्यावरच्या एकेका खांबाला दोन्हीकडून, म्हणजे चार. एकूण १४. टेकूलाही खांबच वापरतात, तेव्हा संख्या ७५ झाली. गाडीतून आणताना एखाद-दोन मोडतात, म्हणून ७८ मागवावेत.

तार फाटकावरून जात नाही. १८० मधून ४ वजा जाता १७६ मीटर उरले. पाच पदरांचे ८८० मीटर. गुंडाळायला आणि सांधायला पाच टक्के धरले की ९२४ मीटर. पण दुकानदार तार किलोवर देतो! जाडीप्रमाणे एका किलोत भरणारी लांबी बदलते, म्हणून आधी एक मीटरचा तुकडा तोलून घ्यावा. तो १०० ग्रॅम भरला तर ९२ किलो ४०० ग्रॅम तार लागेल.

खड्डा ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल घेऊ. त्याचे घनफळ ०.०५४ घनमीटर. १० सेंटिमीटर जाडीच्या खांबाने व्यापलेले ०.००६ वजा केले की ०.०४८ उरते. अशा ७५ खड्ड्यांना ३.६ घनमीटर काँक्रीट लागते. येथे गंमत अशी की ३.६ घनमीटर काँक्रीटसाठी ३.६ घनमीटर माल पुरत नाही. खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट शिरते आणि माल आटतो. सुमारे दीडपट कोरडा माल घ्यावा लागतो. (एक वाटी हरभरे आणि एक वाटी रवा एकत्र हलवून पाहा. दोन वाट्या भरत नाहीत.) एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, सहा भाग खडी या प्रमाणात सिमेंटची १६ पोती, वाळू सुमारे ०.६ ब्रास आणि खडी सुमारे १.२ ब्रास लागेल. ब्रास म्हणजे १०० घनफूट. घट्ट मुरमाड जमीन असेल तर मधल्या खांबांना दगड-मुरूम ठासून भागते आणि काँक्रीट कोपऱ्यांना, फाटकाला आणि टेकूंनाच वापरतात. तो हिशेब तुम्ही करा.

कुणाला अडवायचे?

तारांमधली उभी अंतरे मात्र गणिताने ठरत नाहीत. ती जनावर ठरवते. शेळ्या अडवायच्या तर खालच्या तारा जवळजवळ हव्यात. गाई-म्हशींना त्या विरळ चालतात. शिराळा आणि पाटण तालुक्यांत जंगलालगतच्या शेतात रानडुकरे आणि गवे येतात. गव्यापुढे पाच तारांचे काही चालत नाही. तिथे सौरकुंपण लावतात. त्याचे यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा अतिशय अल्पकाळाचा विजेचा झटका सोडते. जनावर दचकून मागे फिरते, पण मरत नाही. घरातल्या विजेचा प्रवाह अखंड असतो. त्याने स्नायू आखडतात, हात तारेवरून सुटत नाही आणि हृदय बंद पडते. कुंपणाला घरची वीज जोडल्यामुळे माणसे मेलेली आहेत, कित्येकदा जोडणाऱ्याच्याच घरातली. असे कुंपण तुमच्या गावात दिसले तर मोठ्या माणसांना ताबडतोब सांगा.

आणि कधी कधी ज्याला अडवू नये तोच अडतो. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि त्यात पावसाळ्याच्या अखेरीस सीतेची आसवे, दवबिंदू अशा कीटक खाणाऱ्या वनस्पतींसह शेकडो जातींची फुले. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर ठिकाणांबरोबर कासचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. पाहणाऱ्यांची गर्दी उसळली. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून वन विभागाने पठारावर लोखंडी जाळीचे कुंपण घातले.

माणसे थांबली, पण त्यांच्याबरोबर पिढ्यानपिढ्या तिथे चरणारी गुरेही थांबली. गुरे उंच गवत खात, तेव्हा बुटक्या फुलझाडांना ऊन मिळे, आणि शेणाने त्या पातळ मातीला खत मिळे. गुरांची वाट बंद झाल्याने गवत माजले आणि फुले कमी झाली, असे आसपासचे गावकरी आणि काही अभ्यासक सांगू लागले. अखेर ते लोखंडी कुंपण काढण्यात आले.

आपल्या शाळेच्या जागेच्या मागून अशीच एखादी जुनी वाट जात असेल तर? मागच्या ४० मीटरच्या बाजूला एक मीटरचे लहान फाटक ठेवून पाहा. उरले ३९ मीटर, त्यात बरोबर तीन मीटरचे १३ गाळे. फाटकाचा एक मिळवला की १४. पूर्वीही १४ च होते. म्हणजे खांब ६१ चे ६१ च राहिले. टेकू तेवढे दोन वाढले आणि तार पाच मीटर वाचली.